खडे, काटे आणि ‘वीड आउट’

परवा एका भाषांतरात ‘अपात्र अर्जदारांचं समूळ उच्चाटन’ असं वाचलं आणि मी थबकले. मुळात शब्द होता ‘वीड आउट’.

‘वीड’ म्हणजे तण. नुसतं ‘वीड’ करतात ते शेताला किंवा बागेला. ‘आउट’ जोडलं की नजर शेतावरून तणावर जाते. आपणही तांदूळ निवडतो आणि त्यातले खडे निवडून काढतो, तसंच हे.

तण काढायचं काम पूर्वी इंग्लंडमध्ये कसं चालायचं, ते ल्युट्रेल सॉल्टर या १३२५ ते १३४०च्या सुमाराच्या सचित्र पोथीत दिसतं. पोथी स्तोत्रांची, पण समासांत शेतकामं रंगवलेली. एका पानावर एक बाई नि एक बाप्या उभ्या पिकात तण काढताहेत. हातात लांब दांड्या. एका दांडीला बेचकं, दुसरीला धारेची आकडी. बेचक्यात तण दाबून धरायचं, आकडीने बुडाशी छाटायचं. मूळ जमिनीतच राहतं! शेतीवर लिहिणाऱ्या वॉल्टर ऑफ हेन्लीने तेराव्या शतकातच बजावलं होतं, की २४ जूनच्या संत जॉनच्या सणाआधी काटेरी तण छाटलं, तर एकाच्या जागी दोन-तीन उगवतात.

म्हणजे इथे उच्चाटन नाहीच. पीक उभं राहावं म्हणून नको ते वेचून काढायचं, एवढाच अर्थ. ग्रंथालयात जीर्ण पुस्तकं फळीवरून काढतात, त्यालाही ‘वीडिंग’च म्हणतात. समूळ नाशासाठी इंग्रजीत ‘इरॅडिकेट’ आहे. त्यात लॅटिन ‘रादिक्स’, म्हणजे मूळ, दडलेलं आहे. देवीच्या रोगाचं झालं ते हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०मध्ये तसं जाहीर केलं. ‘एलिमिनेट’मध्ये तर उंबरा आहे, लॅटिन ‘लिमेन’. नको त्याला उंबऱ्याबाहेर घालवायचं.

निंदणी, खुरपणी, भांगलण, कोकणात बेणणी, तण काढायला आपल्याकडे शब्द थोडे नाहीत. तरी माणसं वगळण्याची गोष्ट आली की मराठीला आठवतं ते तांदळाचं ताट. बोटांनी दाणे पुढे सारत जायचं, पांढऱ्यात पांढरा खडा दिसला की बोट थबकतं, चिमटीत धरून तो ताटाबाहेर. त्यावरूनच आपण म्हणतो, ‘त्याला खड्यासारखा बाजूला काढला.’

त्या भाषांतरात मी ‘अपात्र अर्ज निवडून बाजूला काढले’ असं केलं.