कळीचा अधिकार

घरगुती संगणकाच्या इतिहासाचा आरंभच एका न चालणाऱ्या यंत्राने होतो, ही गोष्ट, ज्यांनी हौसेने सुटे भाग जुळविले आणि ज्यांचे यंत्र पहिल्याच दिवशी निपचित पडून राहिले, त्यांना दिलासा देण्यास पुरेशी ठरावी. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाने जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर 'ऑल्टेअर ८८००' चे जे चित्र छापले, ती वस्तुतः एक रिकामी पेटी होती; अल्बुकर्कीच्या मिट्स कंपनीने धाडलेला खरा नमुना वाटेतच गहाळ झाला होता. त्याच अंकातील लेखात ३९७ डॉलरांस देऊ केलेले सुट्या भागांचे खोके घरी आणून शेकडो सांधे स्वतः सोल्डर करणाऱ्या गिऱ्हाइकाची अडचण तर चमत्कारिकच होती. यंत्रास ना पडदा, ना कळफलक, स्मृती अवघी २५६ बाइटांची; तेव्हा चालू यंत्र आणि मृत यंत्र यांतील भेद दर्शनी पाटीवरील चिमुकल्या दिव्यांवरूनच ओळखावयाचा. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजात 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' प्रथम भरला, त्याचे निमित्तही हेच यंत्र होते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा यंत्रास स्वतःची प्रकृती तपासण्याची विद्या दिलेली होती: तपासणी निर्वेध पार पडल्यास एकच आखूड 'बीप'. त्याच्या कुशीवरचा जाडजूड खटका भिंतीतून येणारी वीज थेट जोडीत व तोडीत असे. म्हणून यंत्र अगदीच मुके राहिले, तर दोष सॉकेटात, केबलीत, भिंतीतली वीज यंत्राजोगी करणाऱ्या एसएमपीएसमध्ये किंवा त्यास आतून अडविणाऱ्या एखाद्या शॉर्टमध्ये शोधावा, इतका सरळ मामला होता. १९८४ च्या एटी यंत्राच्या घराण्यात बोर्डाला वीज देणारे दोन जोड शेजारी शेजारी बसवावे लागत. दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींलगत याव्यात हा दंडक मोडला, की बोर्ड जळण्याचा धोका असे.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हा आराखडा प्रसृत केला आणि खटक्याची ही सत्ता खालसा झाली. दर्शनी भागावरील कळ तेव्हापासून वीज जोडीत नाही. ती मदरबोर्डाकडे केवळ अर्ज गुजारते. यंत्र बंद असतानाही जांभळ्या तारेवाटे मिळणाऱ्या पाच व्होल्टांच्या तनख्यावर जागा राहिलेला बोर्ड तो अर्ज मंजूर करून हिरवी तार ग्राउंडशी जोडतो, त्यासरशी एसएमपीएस आपले मुख्य प्रवाह खुले करते, आणि ते स्थिरावल्याची हमी करड्या तारेने परत आली म्हणजेच प्रोसेसर कामास लागतो. सोय मोठीच झाली. परंतु नव्या यंत्राच्या मुकेपणाची कारणे मात्र एखाद्या कचेरीतील दिरंगाईसारखी अनेक टेबलांवर विखुरली. कळीची बारीक तार एक पिन सोडून बसली, बोर्डाखाली टेकू म्हणून बसणारा पितळेचा एखादा स्टँडऑफ जादा राहून शॉर्ट झाला, अथवा एसएमपीएसच्या पाठीवरचा निराळा खटकाच बंद राहिला, तरी बाहेरून लक्षण एकच: काहीच होत नाही.

गव्हर्नर लॅमिंग्टन यांचे नाव लोकांच्या तोंडी टिकवून धरणारा, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग असलेला मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा अशा मुक्या यंत्रांच्या निदानविद्येचा आपल्याकडील मोठा अड्डा. तिथल्या मेस्त्रीचे निदान शास्त्रशुद्धच असते. कळीवर विश्वास न ठेवता तो तिच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवितो. तेवढ्याने यंत्र जागे झाले, तर कळच गुन्हेगार. न झाले, तर एसएमपीएस वेगळे काढून हिरव्या व काळ्या तारांच्या खाचांत वायरीचा तुकडा अडकवितो आणि पंखा फिरतो की नाही हे पाहतो. डिस्प्ले येत नसल्यास रॅम उपसून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याचा उपायही, हसू आले तरी, पुष्कळदा लागू पडतो. ज्या एसएमपीएसच्या पाठीवर ११५ व २३० असे आकडे लिहिलेली लाल पट्टी असे, तिथे मात्र उपाय आधीच करावा लागे, कारण आपल्या विजेवर ती ११५ कडे राहिल्यास निदानाची गरजच उरत नसे.

२००० साली पेंटियम ४ च्या आगमनाबरोबर प्रोसेसरासाठी चार तारांचा एक स्वतंत्र जोड आला. तो विसरल्यास पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळाच राहतो. असे यंत्र दुकानात आले, की मेस्त्री प्रथम बोर्डाच्या त्या कोपऱ्यात बोट घालून पाहतो आणि कित्येकदा गिऱ्हाइकाला आल्या पावली घरी पाठवितो.