मोंढ्यात भाव निघण्याआधी

जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत 2018 साली रेशीमकोषांची खरेदी-विक्री सुरू झाली. महाराष्ट्रातला हा पहिला कोषबाजार. त्याआधीही मराठवाड्यात तुती होती, कोष होते, विकणारे होते. घेणारे मात्र दूर कर्नाटकात, रामनगरला. एवढ्या लांब नेलेला माल परत आणणे परवडत नाही, त्यामुळे तिथे जो भाव निघेल तो पदरात पाडून घ्यायचा. रामनगरचा बाजार तरी आपोआप कुठे उभा राहिला? त्यामागे म्हैसूर संस्थानापासूनचा राजाश्रय होता आणि कोष व सूत यांच्या विक्रीचे नियमन करणारा 1959 चा कायदा होता.

मागणी आणि पुरवठा भेटले की बाजार होतो, असे आपण शाळेपासून शिकतो. इथे दोन्ही होते. नव्हता तो जवळचा लिलाव, सर्वांना मान्य असलेला काटा आणि पैसे अडकले तर दाद मागण्याची जागा. या गोष्टी कोण उभ्या करतो, कोणाच्या सोयीने, आणि मग त्यांवर ताबा कोणाचा राहतो, हे विचारणारी एक ज्ञानशाखा आहे: आर्थिक समाजशास्त्र. तिच्याकडे नव्याने वळणाऱ्या मराठी वाचकासाठी हे प्रास्ताविक. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, एक सकाळ काढलेली असली तर उत्तम.

नियंत्रित बाजाराची कल्पना आपल्या मुलखात जुनी आहे. वऱ्हाडात कारंज्याला 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार झाला. इंग्रजी गिरण्यांना स्वच्छ आणि खात्रीचा कापूस हवा होता, हे त्यामागचे एक मोठे कारण. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे बाजाराचा कायदा 1930 मध्ये आला, आणि महाराष्ट्राचा सध्याचा कायदा 1963 चा. या कायद्यांनी रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा मोडून उघड लिलाव आणला, मनमानी कडत्याला, म्हणजे वजनातल्या कपातीला, बंदी केली, मापाड्याला परवाना दिला. ज्याला आज आपण ‘खुला बाजार’ म्हणतो, त्यातला खुलेपणा बराचसा सरकारी सक्तीने आलेला आहे. बाजार विरुद्ध सरकार अशी कुस्ती लावून बसणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पंडितांना हे रुचत नाही.

पण सक्ती करणारी समिती कोणाची? संचालक अठरा. त्यांतले अकरा विविध कार्यकारी सोसायट्यांच्या मतदारसंघातून, चार ग्रामपंचायतींच्या, दोन व्यापारी-अडत्यांचे आणि एक हमाल-मापाड्यांचा. म्हणजे मोंढ्यात सोयाबीन ओतणाऱ्या साध्या शेतकऱ्याला थेट मत नाही. त्याच्या वतीने सोसायटीच्या व्यवस्थापन समितीचे आणि ग्रामपंचायतीचे सदस्य मत देतात. 2017 मध्ये किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि बाजार समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याला थेट मताधिकार दिला गेला, आणि सत्ता बदलल्यावर 2020 मध्ये तो काढून घेतला गेला. एका बाजाराची घटना तीन वर्षांत दोनदा बदलते आणि दोन्ही वेळा कारण शेतकऱ्याचे हित हेच सांगितले जाते! सोसायटी, बँक, कारखाना आणि बाजार समिती यांवर तालुक्याचे राजकारण उभे असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा खटाटोप कळायला वेळ लागणार नाही.

जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. अडत्यांनी संप केला. अर्थशास्त्री म्हणेल, अडत कोणाच्याही पट्टीतून कापा, बोजा शेवटी मागणी-पुरवठ्याच्या ताणावरच वाटला जाणार. बरोबर आहे, पण मोसंबीच्या बागेसाठी ज्या अडत्याकडून उचल घेतली, त्याच्याकडेच माल न्यावा लागतो. त्या शेतकऱ्याला ‘दुसरीकडे विकीन’ म्हणण्याची सोयच नसते. आणि अडत्याही नुसता लुटारू नसतो. बँक दारात उभी करत नाही तेव्हा दवाखान्याला पैसे तोच देतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1985 च्या निबंधात आर्थिक व्यवहार नात्यागोत्यात गुंतलेले असतात असे मांडले, ते हेच. कार्ल पोलान्यी त्याच्याही आधी, 1944 मध्ये, सांगून गेले होते की स्वयंचलित बाजार ही निसर्गाची देणगी नव्हे, राज्यसंस्थेने घडवलेली गोष्ट आहे.

जालन्याचे बियाणेही याच नजरेने पाहावे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली; 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. 2002 मध्ये महिकोच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि 450 ग्रॅमच्या पाकिटाचा भाव 1,600 रुपयांच्या वर गेला. 2006 मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे धाव घेतल्यावर तो 750 वर आला. पुढे महाराष्ट्राने 2009 मध्ये स्वतःचा कायदा केला, केंद्राने 2015 मध्ये आदेश काढला. आज या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. हे संकरित बियाणे तयार करण्याचे काम मात्र हातांनीच होते: फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी परागकण लावायचे, आणि हे हात बहुतांशी बायकांचे. पाकिटाच्या किमतीवर आयोग बसले; या मजुरीवर किती बसले? बार्बरा हॅरिस-व्हाइट यांचा 2003 चा ‘इंडिया वर्किंग’ हा ग्रंथ इथे उपयोगी पडतो. सरकारचा हात पोचत नाही तिथे जात, लिंग आणि धर्म बाजाराचे नियम बनतात, हा त्यांचा मुद्दा.

वाचनाचा क्रम विचाराल तर पोलान्यी थोडे मागे ठेवा. मेखला कृष्णमूर्ती यांनी मध्य प्रदेशातल्या हरद्याच्या मंडीवर लिहिले आहे, ते आधी घ्या. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला ते ओळखीचे वाटेल. त्याआधी एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून हिशेबपट्टी मागून घ्या आणि हमाली, तोलाई, उचलीची वळती अशी एकेक ओळ कोणत्या कायद्याने, कोणत्या ठरावाने किंवा कोणत्या शब्दावर तिथे आली, ते शोधत बसा.