गनाडो येथील हबेलचें दुकान

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यांत गनाडो नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें जॉन लॉरेन्झो हबेल या तरुण व्यापाऱ्यानें १८७८ सालीं एक दुकान घेतलें. सरहद्दीवरील दुकानांच्या हकीकती पुष्कळ आहेत. परंतु दुकानदार व गिऱ्हाईक यांचें नातें कसें जडतें आणि त्यांत धोका कोठें असतो, हें या दुकानाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. म्हणून तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या दुकानाचें मूळ एका मोठ्या दुःखांत आहे. १८६४ सालीं अमेरिकन सैन्यानें नॅव्हाहो लोकांचीं शेतें व फळबागा उद्ध्वस्त करून, त्यांस शेंकडों मैल पायीं चालवीत न्यू मेक्सिकोंतील बॉस्क रेडोंडो येथें नेलें. तेथें भूक व रोग यांनीं पुष्कळ माणसें मेलीं. १८६८ च्या जून महिन्यांत तह झाला आणि उरलेल्यांस स्वदेशीं परतण्याची मुभा मिळाली. बंदिवासांतील शिध्यामुळें गव्हाचें पीठ व कॉफी यांची त्यांस संवय लागली होती. जवळ पैसा मात्र नव्हता. होतीं तीं मेंढरें, लोंकर आणि स्त्रियांच्या हातचें विणकाम. ही गरज ओळखून व्यापारी सरकारी परवाना घेऊन त्या मुलखांत शिरले.

हबेल यांचा जन्म १८५३ सालचा. आई स्पॅनिश घराण्यांतील, वडील कनेक्टिकटचे. ते नॅव्हाहो भाषा बोलत. त्यांच्या दुकानांत पीठ, साखर, कॉफी, डबाबंद फळें, छापील कापड व खोगिराचें सामान मिळे. वसंतांत लोंकर व शरदांत मेंढरें येत; मधल्या महिन्यांत गिऱ्हाईक चांदीचीं कडीं किंवा फिरोज्याच्या माळा गहाण ठेवून जिन्नस नेई. गिरणींत विणलेलीं घोंगडीं स्वस्त झालीं, तेव्हां हातमागाच्या घोंगड्यांस मागणी उरली नाहीं. हबेल यांनीं विणकर स्त्रियांस जमिनीवर अंथरावयाचे गालिचे विणण्यास उत्तेजन दिलें, चांगल्या लोंकरीचा आग्रह धरिला आणि दूरच्या शहरांत त्यांस गिऱ्हाईक मिळवून दिलें.

१८८६ सालीं देवीची सांथ आली, तेव्हां त्यांनीं आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्यांस स्वतःस देवी पूर्वींच येऊन गेल्या होत्या.

तथापि एका बाजूनेंच बोलणें न्याय्य होणार नाहीं. जेथें दुसरें दुकान दिवसभराच्या वाटेवर असतें, तेथें मालाचा भाव दुकानदार ठरवितो, वजनाचा कांटा त्याच्या हातीं असतो व उधारीची वहीही त्याचीच असते. त्या मुलखांतील कित्येक व्यापारी तर दुकानाबाहेर न चालणारीं धातूचीं नाणीं देत. आमच्याकडील सावकारी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें अधिक सांगणें नको. अशा ठिकाणीं गरिबाचें रक्षण बहुतांशीं दुकानदाराच्या सचोटीवरच अवलंबून राहतें. आणि न्याय एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून असावा, हीच त्या व्यवस्थेंतील उणीव होय.

१८९८ सालीं फ्रान्सिस्कन धर्मगुरु गनाडोच्या पूर्वेस सेंट मायकेल्स येथें आले. तेही प्रथम लोकांची भाषाच शिकले आणि १९१० सालीं त्यांनीं तिचा कोश प्रसिद्ध केला. व्यापारी असो वा धर्मगुरु, परक्या लोकांत विश्वासाचें दार भाषेनेंच उघडतें.

हबेल १९३० सालीं वारले. दुकानाजवळच्या टेकडीवर त्यांच्या व त्यांच्या पत्नीच्या कबरी आहेत. शेजारींच त्यांचा नॅव्हाहो मित्र ‘मेनी हॉर्सेस’ याचीही कबर आहे. कुटुंबानें १९६७ पर्यंत दुकान चालविलें व मग तें राष्ट्रीय उद्यान खात्याच्या स्वाधीन केलें. हिशेबाच्या वह्यांत सगळें लिहिलेलें नसतें. दुकानदार व गिऱ्हाईक एकाच टेकडीवर विसांवले आहेत, ही नोंद त्या वह्यांबाहेरची आहे. परंतु दुकानाची खरी शिल्लक तिच्यांतच दिसते.