आधी परीक्षा, मग प्रयोगशाळा: मुंबईतील रसायनशास्त्राच्या पदवीचा इतिहास

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. त्या धर्तीनुसार विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवण्याचे काम मात्र संलग्न महाविद्यालयांकडे, म्हणजे विद्यापीठाची मान्यता घेऊन चालणाऱ्या स्वतंत्र संस्थांकडे असे. या शहरातील रसायनशास्त्राच्या पदवीचा इतिहास समजून घेताना ही व्यवस्था प्रथम ध्यानात घ्यावी लागते, कारण तीत परीक्षा आधी आली आणि सुसज्ज प्रयोगशाळा बऱ्याच उशिरा, आणि या उलट्या क्रमाचे परिणाम पूर्व उपनगरांतील गोवंडी-मानखुर्दच्या परिसरापर्यंत पोचलेले दिसतात.

1845 मध्ये सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले जाई, परंतु ते वैद्यकाचे सहायक शास्त्र म्हणून. विज्ञानाची स्वतंत्र पदवी, म्हणजे बी. एस्सी., 1880 च्या आसपास आली. तिच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभारली आणि पुढे 1907 मध्ये कोटिभास्कर व अमीन यांच्यासह अलेम्बिक हा रासायनिक उद्योग सुरू केला. पदवी हाती असूनही रसायनशास्त्राला हाताचे काम मिळवून देण्यासाठी त्यांना विद्यापीठाच्या चौकटीबाहेर जावे लागले, ही बाब तत्कालीन अभ्यासक्रमावर पुरेसे भाष्य करते. ही उणीव भरून काढण्यासाठी 1911 मध्ये कोनशिला बसवून रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभारण्यास सुरुवात झाली आणि 1920 मध्ये ती संस्था कार्यान्वित झाली. रसायनशास्त्रज्ञांच्या घराण्यात जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. तरीही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणाने त्यांना आधी प्रवेश नाकारला आणि नंतर अटी घालून दिला. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतल्यावर कालांतराने त्यांनी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्येच जीवरसायनशास्त्र शिकवले आणि तिचे संचालकपदही भूषवले.

स्वातंत्र्यानंतर रसायनशास्त्राचा गुरुत्वमध्य फोर्टकडून पूर्व उपनगरांकडे सरकला. 1954 आणि 1955 मध्ये तुर्भे-माहुलच्या खाडीकाठी दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, साठच्या दशकात खतकारखाना आला, आणि 1954 मध्येच स्थापन झालेल्या अणुऊर्जा संस्थेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. अणुभट्टी ही भौतिकशास्त्राची करामत मानली जात असली, तरी खनिजातून युरेनियम शुद्ध करणे आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणे ही मुळात रसायनशास्त्राची कामे होत. अशा रीतीने रसायनशास्त्राच्या पदवीधराला गोवंडी स्थानकापासून काही किलोमीटरच्या आत नोकरीची दारे उघडली आणि चेंबूर, घाटकोपरच्या महाविद्यालयांतील या विषयाला नवे मोल आले.

वर्गात मात्र जुना क्रम टिकून राहिला. पहिल्या वर्षी तीन विषय आणि तिसऱ्या वर्षी एकट्या रसायनशास्त्राची सहा युनिटे, अशी रचना मुंबई विद्यापीठात दीर्घकाळ होती आणि प्रात्यक्षिकांचा कणा होता गुणात्मक विश्लेषण, म्हणजे दिलेल्या मिश्रणात कोणते क्षार आहेत हे चाचण्यांनी ओळखणे. विद्यार्थी द्रावणात प्रथम विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घाली, साका बसला तर शिसे, चांदी किंवा पारा यांपैकी एकाचा संशय घेई. साका नसल्यास किपच्या उपकरणातून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडून पुढच्या गटाकडे वळे, आणि प्रत्येक पायरी जर्नलमध्ये चाचणी, निरीक्षण व अनुमान अशा तीन रकान्यांत उतरवी. तर्काला उत्तम वळण लावणारी ही पद्धत परीक्षेच्या दडपणाखाली पाठांतराची झाली: अनुमानाचा रकाना आधी भरायचा आणि निरीक्षण त्याला जुळवून घ्यायचे, ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या बॅचमधून बॅचकडे गेली.

या दुखण्यावर उपचार शोधणारी संस्थाही याच परिसरात आली. 1974 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1992 मध्ये मानखुर्दच्या आवारात स्थिरावले. 2001 चे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत भरले, तेव्हा त्याची धुरा या केंद्राने वाहिली. ती स्पर्धा शालेय व कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची असली, तरी उत्तर आधी ठाऊक नसलेले प्रयोग रचण्याचा तिथला अनुभव पदवीच्या पातळीवरही उपयोगी पडला. 2004 पासून केंद्राने पदवी विज्ञानासाठी राष्ट्रीय उपक्रम चालवला, ज्यात देशभरातील बी. एस्सी.चे निवडक विद्यार्थी सुटीतील शिबिरांत येऊन मार्गदर्शकाबरोबर संशोधनाचे छोटे प्रकल्प करत.

तथापि निवडक विद्यार्थ्यांची शिबिरे म्हणजे पदवीची सुधारणा नव्हे. अणुकेंद्र, टाटा समाजविज्ञान संस्था आणि विज्ञान शिक्षण केंद्र ज्या एम-पूर्व विभागात येतात, तोच विभाग महापालिकेच्या 2009 च्या मानव विकास अहवालात शहरात शेवटच्या क्रमांकावर होता. त्यामुळे गोवंडीच्या वस्त्यांतून आचार्य-मराठे महाविद्यालयासारख्या जवळच्या संस्थेत येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने शेजारच्या संशोधनसंस्थेपेक्षा आपल्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा अधिक निर्णायक ठरते. सत्रपद्धती आली, आता चार वर्षांची पदवीही आली. परंतु परीक्षेच्या वेळापत्रकाची जेवढी काळजी घेतली जाते तेवढीच प्रात्यक्षिकाच्या तासांची घेतली जाईपर्यंत 1857 चा क्रम उलटला असे म्हणता येणार नाही.