सात फुटांतला हिवाळा

इंग्लंडमध्ये जानेवारीच्या सकाळी कालव्याकाठी फिरायला गेलं, की एक दृश्य हमखास दिसतं. पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा, काठाला ओळीने बांधलेल्या लांबलचक नॅरोबोटी, छपरावर एक छोटं धुराडं आणि त्यातून सरळ वर जाणारी धुराची रेघ. फोटो काढावासा वाटतोच. "काय मजा असेल ना अशा बोटीत राहायला!" हे वाक्यही ठरलेलं. मीही ते म्हटलंय. मग या बोटींचा इतिहास वाचत गेले आणि तोच फोटो जरा वेगळा दिसायला लागला. त्याबद्दलच आज थोडंसं.

आधी ही बोट एवढी चिंचोळी का, ते सांगते. ब्रिजवॉटर कालवा 1761 मध्ये सुरू झाला. त्यावर काम करणारा इंजिनिअर जेम्स ब्रिंडली. पुढे मध्य इंग्लंडच्या चढउतारांतून कालवे काढताना पाणी आणि पैसा वाचावा म्हणून त्याने लॉक, म्हणजे बोटी वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे, जेमतेम 7 फूट रुंद ठेवले. लॉक 7 फुटी, म्हणून बोट 7 फुटी. लांबी मात्र 70 फुटांपर्यंत. अशा बोटीतून एकटा घोडा 25 टनांच्या आसपास माल ओढून न्यायचा, आणि त्यात कोळसा फार मोठा.

सुरुवातीला बऱ्याच बोटवाल्यांची घरं जमिनीवर असायची. 1830-40 च्या सुमारास रेल्वे आली, चढाओढीत मालवाहतुकीचे दर पडले. हाताखालचा गडी परवडेना आणि घरभाडंही परवडेना. मग अनेकांनी घर सोडलं आणि बायकोमुलांना बोटीवर आणलं. भाडं वाचलं, शिवाय बिनपगारी हात मिळाले. म्हणजे पाण्यावरचा हा संसार हौसेने कमी आणि हिशोबाने जास्त सुरू झाला.

आणि संसार तरी केवढ्या जागेत? बोटीचा जवळजवळ सगळा भाग मालासाठी. राहायची केबिन मागच्या टोकाला, लांबीला 10 फुटांच्या आतबाहेर आणि रुंदीला 7 फुटांहूनही कमी. आपल्या चाळीतली दहा बाय दहाची खोली ऐसपैस वाटावी! त्यात दाराशी कोळशाची शेगडी, कपाटाचं दार खाली पाडलं की तेच टेबल, रात्री आडवी फळी टाकली की तोच पलंग. आईबाप, पोरं, सगळी त्यातच. दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, भिंतीवर लेस लावलेल्या बशा, पितळ घासून लख्ख. दोन हात जागेतही घर घरासारखं दिसावं यासाठीची ती धडपड मला फार ओळखीची वाटते.

पण खरी परीक्षा हिवाळ्यात. मजुरी खेपेवर मिळायची. कालवा गोठला की बोट जागच्या जागी अडकली, खेप नाही आणि म्हणून पैसे नाहीत. घोड्याचं आणि पोरांचं पोट मात्र रोजचंच. बर्फ फोडायला खास बोटी असत. त्यांना ओळीने घोडे जुंपायचे, वर मधोमध बसवलेला दांडा धरून माणसं उभी राहायची आणि सगळी मिळून बोट डावी-उजवीकडे हिंदकळवायची, म्हणजे बर्फ तडकत जाई. फार थंडी पडली की तेही चालत नसे.

बर्फाचा दुसरा त्रास बोटीला. लाकडी फळ्यांना पाण्याच्या रेषेवर बर्फाची धार करवतीसारखी लागे, म्हणून तिथे लोखंडी पत्रे ठोकत. फळ्यांच्या फटींत दोराचा काथ्या आणि डांबर ठासायचं. बुडाला लावायला डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद एकत्र गरम करून लेप बनवत. हे वाचल्यावर आपल्या सारवणाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

बाहेरच्या जगाला हे लोक दिसले ते जॉर्ज स्मिथमुळे. कोलव्हिलच्या या गृहस्थाने 1875 मध्ये कालव्यावरच्या वस्तीबद्दल पुस्तक लिहिलं. त्यात बरीच अतिशयोक्ती होती, आणि बोटवाल्यांना राग येणं साहजिक होतं. पण 1877 आणि 1884 च्या कायद्यांमुळे बोटींची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली, किती माणसांनी राहायचं यावर मर्यादा आली. मुलांची शाळा मात्र कायम अर्धवटच राहिली. आज इथे, उद्या तिथे. कोणत्या शाळेत बसणार?

मग आला 1962-63 चा हिवाळा. 26 डिसेंबरला बर्फ पडायला लागलं आणि गोठलेले कालवे मोकळे व्हायला मार्च उजाडला. जानेवारीत मध्य इंग्लंडचं सरासरी तापमान उणे 2.1 अंश होतं. कोळशाची सर्वांत जास्त गरज होती, आणि कोळशाच्या बोटी बर्फात रुतलेल्या! ती कामं रस्त्याने होऊ लागली आणि पुष्कळशी परत आलीच नाहीत. धंदा आधीच खंगलेला होता, थंडीने फक्त शेवटचा धक्का दिला. सरकारी मंडळाने 1963 मध्येच आपली बहुतेक नॅरोबोट वाहतूक आवरती घेतली. वॉरिकशरमधून लंडनजवळ साउथॉलच्या (हो, आपल्या भारतीयांच्या त्याच साउथॉलच्या) जॅम कारखान्याला जाणारा कोळसा तेवढा 1970 पर्यंत बोटीने जात राहिला.

आजच्या बोटी पोलादी आणि त्यांत माणसंच राहतात. पण हिवाळा तोच. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून बुडाला काळा डांबरी रंग द्यायचा. बर्फातून बोट हाकली की तो खरवडतो, आणि फुटलेल्या बर्फाचे तुकडे शेजाऱ्याच्या फायबरच्या बोटीवर आपटतात. म्हणून शहाणे लोक हलतच नाहीत. काठावरचा नळ गोठायच्या आत टाकी भरून ठेवायची. छपरावरची सौर पॅनेल्स डिसेंबरात नावापुरती. खिडक्यांवर आतून पाणी साचतं ते रोज पुसायचं. शेगडी रात्रभर धुमसत ठेवायची, पण धुराडं तुंबलं तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो, म्हणून त्याचा अलार्म 2019 पासून सक्तीचा आहे. शिवाय लॉकची दारं बदलण्यासारखी कामं याच महिन्यांत काढतात, त्यामुळे वाट अधेमधे बंद.

तरी लोक राहतात. काही हौसेने, पण लंडनसारख्या ठिकाणी बरेच जण घरभाडं परवडत नाही म्हणून. दीडशे वर्षांपूर्वीचाच हिशोब पुन्हा मांडलाय जणू.

आणि एक गंमत. कोळसा वाहणाऱ्या काही जुन्या बोटी अजून फिरतात. आता त्या कारखान्याला जात नाहीत. बोटींवर राहणाऱ्यांना दाराशी धूर न करणाऱ्या कोळशाच्या गोण्या, डिझेल आणि गॅस पोचवतात. हिवाळ्यात त्यांची वाट किती डोळे लावून बघितली जात असेल!

फोटो मी अजूनही काढते. फक्त धुराची ती रेघ दिसली, की आत कोणीतरी रात्री उठून शेगडीत कोळसा घातला असणार, एवढं आता आठवतं.