बनावट नेटवर्क उपकरणे

बनावट नेटवर्क उपकरणे म्हणजे नामांकित उत्पादकाचे बोधचिन्ह, वेष्टन व अनुक्रमांक यांची नक्कल करून त्याच्या परवानगीविना विकली जाणारी राउटर, स्विच, ऑप्टिकल मॉड्यूल इत्यादी साधने होत. अधिकृत वितरकाला वगळून आयात केलेला अस्सल माल या प्रकारात मोडत नाही. मात्र कमी क्षमतेच्या किंवा जुन्या उपकरणावर महागड्या मॉडेलचे लेबल लावल्यास तेही बनावट ठरते.

स्वरूप व धोके

नकली उपकरण सुरुवातीस सुरळीत चालत असल्याने फसवणूक उशिरा उघडकीस येते. एफ-सिक्युअर या फिनलंडच्या संस्थेने २०२० साली सिस्कोच्या ‘कॅटॅलिस्ट २९६०-एक्स’ मालिकेतील नकली स्विच तपासले. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर ते बंद पडल्याने संशय निर्माण झाला होता. त्यांत छुपा प्रवेशमार्ग आढळला नाही. परंतु सॉफ्टवेअरची सत्यता पडताळणारी सुरक्षा यंत्रणा निकामी केलेली होती.

अमेरिकेत २०२४ साली फ्लोरिडातील एका विक्रेत्यास साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. चीन व हाँगकाँगमधून आणलेली त्याची नकली सिस्को उपकरणे रुग्णालये, शाळा व लष्करापर्यंत पोहोचली होती.

मुंबईतील बाजार

ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही संगणक व इलेक्ट्रॉनिक साहित्याची मुंबईतील प्रमुख बाजारपेठ आहे. गिरगावापासून शिवाजी पार्कपर्यंतची लहान कार्यालये व दुरुस्ती कारागीर येथे खरेदीस येतात. २००९ साली अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने बौद्धिक संपदेचे उल्लंघन होणाऱ्या बाजारांच्या यादीत या रस्त्याचा समावेश केला. ही नोंद केवळ नेटवर्क साहित्यापुरती नव्हती. तसेच येथील सर्वच दुकानांना ती लागू होत नाही.

कायदा

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार खोटे व्यापारचिन्ह वापरणे अथवा असा माल विकणे यांसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. २००७ च्या नियमांनुसार हक्कधारकाने सीमाशुल्क विभागाकडे नोंदणी केल्यास संशयित आयात माल बंदरातच रोखता येतो.

पडताळणी

होलोग्राम व खोक्याची छपाई यांचीही नक्कल होत असल्याने केवळ बाह्य स्वरूपावरून खात्री होत नाही. अनुक्रमांक उत्पादकाकडून तपासून घेणे, विक्रेता अधिकृत असल्याची खातरजमा करणे आणि अनुक्रमांक नोंदवलेले जीएसटी बिल जपून ठेवणे हे अधिक भरवशाचे उपाय आहेत. बाजारभावाहून फार कमी किंमत हे संशयाचे कारण असते. तथापि बनावट माल पूर्ण किमतीलाही विकला जाऊ शकतो.