मुंबई–आग्रा रस्त्यावरचे मिस्तरी



मोटारीचा इतिहास सांगायला बसले की आपण मुंबई, पुणे, जमशेदपूर अशी नावे घेतो. अमक्या साली कारखाना निघाला, तमक्या साली पहिली गाडी बाहेर पडली. हे खरेच आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तेच येणार. पण कारखान्यातून निघालेली गाडी पुढे वीस-पंचवीस वर्षे रस्त्यावर चालती कोणी ठेवली, असे विचारले की पुस्तके गप्प बसतात. मी ज्या रस्त्याच्या काठी वाढलो त्या मुंबई–आग्रा रस्त्यावर या प्रश्नाचे उत्तर कसाऱ्यापासून मालेगावपर्यंत जागोजाग पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले असे. अंगात ग्रीसने माखलेला खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. त्याला सगळे मिस्तरी म्हणत.

या मिस्तरीने गाडी नुसती दुरुस्त केली असती तरी पुष्कळ होते. पण इंधन तुटले, सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा तेव्हा त्याने ती मुळातून बदलली. हे एकदा नव्हे, निदान तीनदा घडले.

पहिली गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग आले. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथल्या तेलविहिरी आपल्याला तुटल्या. उरलेले पेट्रोल आधी लष्कराला. सर्व्हिस मोटारवाल्यांनी काय करायचे? त्यांनी मोटारीच्या पाठीमागे एक उभे लोखंडी पिंप बसवले, त्यात कोळसा भरला आणि कोळशावर मोटार चालवली.

माझे आजोबा त्या वेळी सिन्नरकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. पगाराच्या कामाला नाशिकला जायचे तर हीच मोटार. ते सांगत, की मोटार निघण्याआधी क्लीनर पिंपाखाली जाळ करी आणि पंख्याचे हँडल गरगरा फिरवीत बसे. पाच-दहा मिनिटांनी नळीच्या तोंडाशी काडी लावून बघायचे. वायू पेटला, की चला. मागच्या बाकावर बसणाऱ्याची पाठ भाजे आणि पांढरे धोतर संध्याकाळपर्यंत करडे होई. चढ आला की मोटार धापा टाकू लागे. मग उतारूंनी खाली उतरायचे, सामान तेवढे मोटारीतून जाई. "भाडं मात्र पुरतं घेत हो," असे म्हणून आजोबा हसत.

यातले शास्त्र सोपे आहे आणि शिक्षकबंधूंना वर्गात सांगण्याजोगे आहे. कोळशाला भरपूर हवा दिली तर तो पुरता जळून जातो. हवा बेताची दिली तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो, आणि तो स्वतः जळू शकतो. निखाऱ्यांनी भरलेल्या शेगडीवर निळसर ज्योत नाचताना दिसते ना, ती याच वायूची. तो गाळायचा, थंड करायचा, हवेत मिसळायचा आणि पेट्रोलच्या वाफेऐवजी इंजिनात सोडायचा. मात्र हाच वायू प्राणघातकही आहे. बंद शेडमध्ये पिंप पेटते ठेवून झोपणे म्हणजे मरणाला बोलावणे.

अडचण अशी, की हवेतला नायट्रोजन या वायूत पाणी घातलेल्या दुधासारखा मिसळलेला असतो. त्यामुळे इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने कमी होते. इथे मिस्तरीची अक्कल लागली. त्याने इंजिनाचे डोके, म्हणजे सिलिंडर हेड, खालून तासून पातळ केले. आतली जागा लहान झाली, वायू जास्त दाबला जाऊ लागला आणि गेलेली ताकद थोडी परत आली. ठिणगी नेहमीपेक्षा जरा आधी पडेल असे टायमिंग लावले. राख सिलिंडरात जाऊन रिंगा खाऊ नयेत म्हणून गाळणीत काथ्या भरला, कापड बांधले. त्याच काळात जर्मनीत, फ्रान्समध्ये, स्वीडनमध्ये अशाच लाखो गाड्या कोळशावर आणि लाकडावर चालत होत्या. तिकडचे ग्रंथ आहेत, चित्रे आहेत. आपल्याकडचे ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे गेले आणि पेट्रोल मोकळे होताच पिंपाबरोबर भंगारात पडले.

युद्ध संपले आणि दुसरा अध्याय सुरू झाला. लष्कराच्या जीपगाड्या आणि ट्रक 'डिस्पोजल'मध्ये विकायला निघाले. दुसरीकडे फौजेत मोटारी हाकायला आणि दुरुस्त करायला शिकलेले जवान घरी परतले. १९४३ साली लष्करात यंत्रदुरुस्तीचे स्वतंत्र दलच उभे राहिले होते. खेड्यातून गेलेला पोरगा मायक्रोमीटर वाचायला शिकून आला. नाशिकला तर देवळालीची छावणी शेजारीच. लष्करी गाडी आणि लष्करी कारागीर हे दोन्ही एकदम बाजारात आले, हा योगायोग आपल्या इतिहासकारांनी फारसा मनावर घेतलेला नाही. (मीही त्याच जातीचा, म्हणून बोलण्याचा अधिकार.)

मग आले १९५३ साल. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, फोर्डचाही होता. परदेशातून सुटे भाग आणून इथे नुसती गाडी जुळवायची, हे यापुढे चालणार नाही, भाग इथेच बनवण्याची तयारी असेल तर राहा, असे सरकारी धोरण ठरले. दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. १९५४ मध्ये टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक जमशेदपुरात बनू लागले ते याच वाटेने. पण ज्या गरिबाने कर्ज काढून जुना शेव्हरोलेट ट्रक घेतला होता त्याचे काय? भाग मागवावा तर मागवायचा कुणाकडे?

तो गेला मिस्तरीकडे. झिजलेले सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकायचा; पुढच्या वेळी आणखी मोठा; जागा संपली की आत स्लीव्ह ठोकून पुन्हा पहिल्या मापावर यायचे. बेअरिंगात पांढरा धातू वितळवून ओतायचा आणि हाताने खरवडत बसायचा. निळा रंग लावून शाफ्ट फिरवायचा, जिथे डाग पडेल तिथे उंचवटा आहे असे समजून पुन्हा खरवडायचे. एका बेअरिंगला अर्धा दिवस. अशा रीतीने कंपनी निघून गेल्यावरही कंपनीची गाडी कांदे आणि गूळ वाहत राहिली.

तिसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. १९७३ च्या शेवटी जगात खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत चौपट झाली. आपल्याकडे पेट्रोल डिझेलपेक्षा कितीतरी महाग होऊन बसले, आणि "गाडी डिझेल करून घेणे" हा वाक्प्रचार खेडोपाडी रुळला. ट्रकांच्या बाबतीत तो जुनाच होता; मद्रासच्या सिंप्सन कंपनीत १९५० च्या दशकात पर्किन्सची इंजिने बनू लागली तेव्हापासून जुन्या पेट्रोल ट्रकांत ती बसवली जात. आता पाळी जीपची आली. पुढे तर बुलेट मोटारसायकलीलाही डिझेल इंजिन लागले. आमच्या गावचा दूधवाला अशा बुलेटवर यायचा. ती आल्याचे अर्धा मैल आधी कळे, आणि कॅनमधल्या दुधावर लोणी तरंगते असे लोक चेष्टेने म्हणत.

माझ्या मामांची जीप पेट्रोलची होती. १९९१ च्या सुमारास त्यांनी तिच्यात मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवायचे ठरवले. सुटीत मीही बरोबर गेलो. द्वारका चौकाच्या अलीकडे एका शेडमध्ये ती बारा दिवस उभी होती. मला वाटले होते, जुने काढायचे, नवे ठेवायचे, चार बोल्ट आवळायचे. मिस्तरी म्हणाले, "बाळा, नवरी आणायला सोपी. घरात रुळवायला वेळ लागतो."

आणि तसेच झाले. जीपचे इंजिन आतली हवा सुमारे साडेसहा पट दाबते आणि ठिणगीने पेट घेते. डिझेल इंजिन एकवीस पट दाबते. त्या दाबाने हवाच इतकी तापते की ठिणगी लागतच नाही. पण एवढा दाब सोसायचा म्हणजे इंजिन जाड, वजनदार. म्हणून पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवावा लागला. धक्के जास्त, म्हणून चासीवर नवे पाय वेल्ड केले. स्टार्टरला ओढ जास्त, म्हणून बॅटरी मोठी.

खरी मेख गिअरबॉक्सची. इंजिन एका घरचे, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा. भोकाला भोक जुळत नाही. मिस्तरींनी गिअरबॉक्सच्या तोंडावर पॅकिंगचा कागद धरला आणि हातोडीने कडेकडेने हलके ठोकत गेले. कडेवर कागद आपोआप कापला जाऊन तोंडाचा हुबेहूब ठसा हातात आला. तसाच इंजिनाचा. दोन्ही ठसे एकावर एक ठेवून त्यांनी मध्यबिंदू काढला आणि त्यावरून लेथवाल्याकडून जाड पोलादी प्लेट करून घेतली. वहीत एक आकडा नाही. सगळे त्या दोन कागदांत.

महिनाभराने जीप किंचाळू लागली. प्लेट केसभर एका बाजूला गेली होती आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग खात होती. मामा तावातावाने गेले. मिस्तरी काही बोलले नाहीत. पुन्हा इंजिन उतरवले, डायल गेज उसना आणून प्लेट बसवली आणि मजुरी घेतली नाही. त्यानंतर ती जीप सतरा वर्षे द्राक्षाच्या पेट्या वाहत होती.

हे सारे कायद्याला धरून होते का, असे कोणी विचारील. १९३९ च्या मोटार कायद्यात गाडीतला बदल नोंदवून घेण्याची वाट होती. १९८८ च्या कायद्याने, आणि विशेषतः २००० सालच्या दुरुस्तीने, ती अरुंद केली. कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मालकाने मनाने फरक करू नये, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले. आता जुनी गाडी विजेवर करायची तर तिला बसवायच्या संचाला पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेची मान्यता लागते. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा जीव पाहता हे योग्यच आहे. मिस्तरींच्या शेडमध्ये ब्रेकचा विचार इंजिनाच्या मानाने कमी होई, हेही मी पाहिले आहे.

मामांच्या जीपचे नोंदणीपुस्तक माझ्याकडे आहे. इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल' शब्दावर तांबडी रेघ, वर 'डिझेल', शेजारी नवा इंजिन नंबर आणि शिक्का. एवढाच काय तो कागदी पुरावा. जीप शेवटी भंगारात निघाली त्या दिवशी मिस्तरी आपण होऊन आले. वय झाले होते, हात कापत होते. भंगारवाल्याला म्हणाले, "तुझं लोखंड तुला. ती मधली प्लेट तेवढी मला दे." तिचे किलोवर जे काही पैसे झाले ते त्यांनी खिशातून मोजून दिले, प्लेट धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि सायकलला अडकवून घेऊन गेले.